ब्रेकचं पेडल कडक झालंय? चाक उघडण्याआधी वॅक्यूम तपासा

ब्रेक कडक लागतोय म्हणून गाडी गॅरेजला नेली की बऱ्याचदा आधी चाकं उघडली जातात. पॅड बदलले जातात, लायनिंग घासली जाते, ब्रेक ऑइल नवं भरलं जातं आणि पेडल होतं तसंच कडक राहतं. घरगुती गाडीत या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा बॉनेटखाली सापडतं: इंजिनापासून ब्रेक बूस्टरपर्यंत (ब्रेक दाबताना पायाला मदत करणारा डबा) जाणाऱ्या हातभर लांबीच्या पाइपात, त्यातल्या बोटाएवढ्या व्हॉल्व्हमध्ये, नाहीतर खुद्द बूस्टरमध्ये. दोष कोणत्या बाजूला आहे हे एकही पाना न लावता पाच-दहा मिनिटांत कळतं. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. क्रम चुकला की चांगले पार्ट बदलले जातात आणि बिघडलेला पार्ट गाडीतच राहतो.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या नेहमीच्या पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत ब्रेकला मदत विजेच्या पंपाने किंवा इलेक्ट्रॉनिक बूस्टरने मिळते. तिथे डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तपासायला स्कॅनर लागतो. अशा गाडीच्या ब्रेकला घरी हात लावू नये.

चालत्या गाडीत पेडल कडक झालं तर

बूस्टर बंद पडला तरी ब्रेक गेलेले नसतात. पेडलपासून चाकापर्यंतचं ऑइलचं काम चालूच असतं, गेलेली असते ती मदत. त्यामुळे नेहमीच्या कित्येक पट जोर लावावा लागतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. पाय उचलून पुन्हापुन्हा पेडल मारू नका. बूस्टरमध्ये उरलेली थोडी मदत त्यात संपते. पाठ सीटला टेकवा, लागलं तर दोन्ही पायांनी पेडल एकदाच घट्ट दाबून धरा, एकेक गिअर खाली आणा, हॅझार्ड लावा. हँडब्रेक वापरायचा तर त्याचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, झटका दिला तर मागची चाकं घसरतात. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी फिरवू नका: इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणारे लोक कशेडी, आंबा, कुंभार्ली असे घाट उतरताना अजूनही दिसतात. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की असं करू नका. इंजिन बंद असताना दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की बूस्टर रिकामा होतो आणि पुढच्या वळणावर पेडल कडक मिळतं. शिवाय आजच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा तेवढ्यापुरता थांबतो; न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे बचतही होत नाही.

पेडल एकदा जरी कडक लागून गेलं, तरी कारण सापडेपर्यंत गाडी घरच्यांना घेऊन बाहेर काढू नये.

बूस्टर करतो काय

पेडलच्या पुढे, इंजिन खोलीच्या मागच्या भिंतीवर जो मोठा काळा गोल डबा दिसतो तो बूस्टर. काही मेकॅनिक त्याला सर्वो म्हणतात. आत एक रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना त्याच्या दोन्ही बाजूंची हवा खेचून घेतलेली असते, यालाच वॅक्यूम म्हणतात. पेडल दाबलं की पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा आत सोडली जाते आणि वातावरणाचा दाब पडद्याला पुढे ढकलतो. साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा पडदा धरला तर त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होतं. इंजिनाने ५०० मिलिमीटर पाऱ्याइतकं वॅक्यूम दिलं तर दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या थोडा कमी दाब मिळतो. ढोबळ हिशेबाने दोनशे किलोचा जोर झाला. हा जोर नाहीसा झाला की तो सगळा पायाला द्यावा लागतो, म्हणून पेडल कडक लागतं.

पेट्रोल आणि सीएनजी गाडीत हे वॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून, येतं. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये कामापुरतं वॅक्यूम तयार होत नाही, म्हणून तिथे वेगळा पंप असतो. जुन्या सुमो-बोलेरोसारख्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो, तर स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर इंजिनात हेडच्या टोकाला, कॅमशाफ्टवर चालणारा. टर्बो पेट्रोल गाड्यांतही पुष्कळदा वेगळा पंप देतात.

पाना न लावता तीन तपासण्या

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, चाकाखाली वीट किंवा दगड. गाडी बंद शेडमध्ये असेल तर बाहेर काढा, इंजिन चालू ठेवून काम करायचं आहे.

पहिली तपासणी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबा. ते कडक होईल, ते बरोबरच आहे. आता पाय पेडलवर मध्यम जोराने दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. बूस्टर चांगला असेल तर इंजिन लागताक्षणी पेडल पायाखालून थोडं खाली सरकतं. ते जागचं हललंच नाही, तर बूस्टरपर्यंत वॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर निकामी झालाय.

दुसरी. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा. अर्ध्या मिनिटाने पेडल सावकाश दाबा, सोडा, पाच सेकंद थांबून पुन्हा दाबा. पहिल्यांदा ते खोल जायला हवं, दुसऱ्यांदा थोडं वर थांबायला हवं, तिसऱ्यांदा आणखी वर. पहिल्याच दाबाला कडक लागलं तर साठवलेलं वॅक्यूम कुठून तरी निसटतंय. इथे पहिला संशय नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, म्हणजे पाइपातल्या एकाच दिशेने हवा जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हवर, घ्या.

तिसरी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा आणि तसंच धरून इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पायाखाली लक्ष ठेवा. पेडल पायाला वर ढकलू लागलं तर बूस्टर गळतोय. उलट ते हळूहळू खाली बुडू लागलं तर मास्टर सिलिंडर (बूस्टरच्या पुढचा, ब्रेक ऑइल दाबणारा सिलिंडर) किंवा ऑइलची गळती बघा. तो वेगळा आणि अधिक गंभीर आजार आहे, गाडी तिथेच उभी ठेवा.

या तिन्ही करताना कान उघडे ठेवा. पेडल दाबताना क्षणभर ‘फुस्स’ आवाज येणं स्वाभाविक आहे, हवा आत जाते त्याचा तो आवाज. पण पेडल धरून ठेवलं असताना पायाजवळ सतत हवा सुटल्यासारखा आवाज येत राहिला आणि त्याच वेळी इंजिनाचं आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबतानाची चाल) वरखाली झालं, तर बूस्टरचा पडदा फाटलेला असण्याची दाट शक्यता आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे बरेच जण घाबरतात. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पेडल कडक लागलं आणि इंजिन लागताच नरम झालं, तर ती धोक्याची वेळ नाही. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत कडक पेडल पुरेसं न दाबल्यामुळे गाडी सुरूच होत नाही, तेव्हा जरा जोर लावून दाबायचं. मात्र तासाभरात परत आल्यावरही पहिलाच दाब कडक लागत असेल तर व्हॉल्व्ह तपासायला घ्या.

तिन्ही तपासण्यांत बूस्टर पास झाला, तर पाइप-व्हॉल्व्हचा भाग सोडून थेट चाकांच्या भागाकडे जा.

पाइप आणि व्हॉल्व्ह

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बूस्टरच्या तोंडावर लागलेल्या जाड काळ्या पाइपावरून हात फिरवत इंजिनापर्यंत जा. वळणाच्या आतल्या बाजूला, क्लिपच्या कडेला आणि गरम भागाजवळून पाइप जातो तिथे भेगा शोधा. पाइप बोटांत दाबून बघा. फार मऊ पडलेला पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण इंजिन चालू झालं की आतून चिकटून बंद होतो. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि वायरिंगबरोबर हा पाइपही कुरतडतात. लेंड्या किंवा कापसाचे बोळे दिसले तर पाइपाची खालची, न दिसणारी बाजूही आरसा धरून पाहा. जुन्या मिक्सरच्या सीएनजी किटमध्ये इंजिनाने इनटेकमध्ये भडका मारला की पाइप जागचा निसटू शकतो, हेही लक्षात असू द्या.

बारीक भेग सापडत नसेल तर इंजिन आयडलवर ठेवून पाइपावर आणि जोडांवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. भेगेवर पाणी पडलं की क्षणभर ती बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. वायरिंगच्या जोडांवर पाणी जाऊ देऊ नका. यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर गरम इंजिनावर मारणारे लोक आहेत. आग लागू शकते, तसं करू नका.

आता वॅक्यूम खरंच येतंय का ते बघायचं. इंजिन बंद करा, पेडल सहा-सात वेळा दाबून बूस्टर रिकामा करा, मग पाइप बूस्टरच्या बाजूने हलकेच फिरवत काढा. व्हॉल्व्ह बऱ्याच गाड्यांत बूस्टरच्या तोंडावरच्या रबरी ग्रॉमेटमध्ये बसलेला असतो. तो सरळ ओढा, तिरका ओढला तर प्लास्टिक तुटतं आणि ग्रॉमेट बूस्टरच्या आत पडला तर काम वाढतं. इंजिन सुरू करून पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवा. अंगठा चांगला खेचला गेला पाहिजे. ओढ अगदी कमी वाटली तर मॅनिफोल्डकडचं टोक काढून त्याची नळी पाहा, कार्बनने बुजलेली असू शकते.

वॅक्यूम मोजायचं गेज मिळालं तर उत्तमच. टी जोड लावून आयडलवर बघा: ठणठणीत पेट्रोल इंजिन समुद्रसपाटीजवळ ४५० ते ५५० मिलिमीटर, म्हणजे गेजवर १८ ते २२ इंच दाखवतं. डिझेलच्या पंपाकडून ६०० मिलिमीटरच्या वर अपेक्षा ठेवा. डोंगरावर आकडा उतरतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हवेचा दाबच समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. त्यामुळे कोकणात २० इंच दाखवणारी गाडी तिथे १६ च्या जवळपास दाखवेल. तो बिघाड नव्हे. सपाटीवर मात्र आकडा १५-१६ वर अडकला, काटा थरथरत राहिला आणि इंजिन मिसिंग करत असेल, तर आधी इंजिनाचं ट्यूनिंग करून घ्या.

व्हॉल्व्हची परीक्षा तोंडाने होते. पुसून घ्या आणि बूस्टरकडच्या टोकातून फुंका: हवा पलीकडे गेली पाहिजे. इंजिनाकडच्या टोकातून फुंका: अजिबात जाता कामा नये. दोन्हीकडून जात असेल किंवा दोन्हीकडून अडत असेल तर व्हॉल्व्ह बाद. त्याच्यावर बाण असेल तर तो इंजिनाच्या दिशेने ठेवून बसवायचा. काही गाड्यांत व्हॉल्व्ह पाइपाच्या आतच असतो आणि पाइपासकट बदलावा लागतो. ग्रॉमेट कडक किंवा चिरलेला असेल तर त्याच वेळी बदला. पाइप घेताना वॅक्यूमसाठीचा, आतून धाग्याने मजबूत केलेलाच घ्या. पाण्याचा किंवा कूलंटचा साधा पाइप कापून लावला की ओढीने तो चपटा होतो आणि महिनाभरात तुम्ही पुन्हा इथेच उभे असता.

व्हॉल्व्ह काढलाच आहे तर काडीला पांढरं फडकं गुंडाळून बूस्टरच्या तोंडातून आत पुसून पाहा. फडक्याला ब्रेक ऑइल लागलं तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलंय आणि ऑइल बूस्टरमध्ये उतरतंय. बाहेर कुठेही गळती नसताना ऑइलची पातळी कमी होत राहते, त्याचं हे नेहमीचं कारण. मग नुसता बूस्टर बदलून भागत नाही, मास्टर सिलिंडरही बदलावा लागतो. डिझेल गाडीत फडक्याला किंवा पाइपात काळं इंजिन ऑइल दिसलं तर पंपाकडे जा. पंपाचा ऑइलचा पाइप बुजला की पंप कोरडा चालून झिजतो; नवा पंप लावताना तो पाइप साफ केला नाही तर नवाही टिकत नाही.

बूस्टर बदलायचा असेल तर

पाइपात भरपूर ओढ, व्हॉल्व्ह चांगला, तरी पहिल्या तपासणीत पेडल हललं नाही, तर बूस्टरच बदलायचा. हे काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या, पण ते कसं होतं ते ठाऊक असावं. मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो ऑइलच्या नळ्या न सोडता हळूच पुढे सरकवतात, केबिनमध्ये पेडलची पिन काढतात, भिंतीवरचे नट सोडून बूस्टर बाहेर घेतात. नळ्या वाकू न देता हे जमलं तर ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा काढावी लागत नाही. मेकॅनिकला एकच प्रश्न नक्की विचारा: पुशरॉडचं अंतर मोजलं का? बूस्टरचा पुशरॉड, म्हणजे मास्टर सिलिंडरला ढकलणारा दांडा, जास्त लांब राहिला तर पाय उचलल्यावरही मास्टर सिलिंडर थोडा दाबलेला राहतो, ब्रेक अर्धवट लागून राहतात आणि चाकं तापतात.

बूस्टर पास झाला, तरी पेडल कडक

आधी फुकटचं तपासा. पायाखालची जाड मॅट पेडलमागे अडकत नाही ना? पेडल हाताने वर ओढून सोडा, मागचा दिवा बघायला कुणाला तरी उभं करा. पाय काढल्यावरही दिवा जळत राहिला तर पेडल पूर्ण वर येत नाही. पेडलचा पिव्हट गंजलेला असू शकतो. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत गंजाचा त्रास जास्त.

मग दहा-पंधरा मिनिटं सावकाश फेरी मारा आणि चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहा, डिस्कला किंवा ड्रमला बोट लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच तापलं, जळका वास आला, गाडी एका बाजूला ओढली, तर त्या चाकाचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा व्हील सिलिंडर (ड्रममधला तसाच भाग) अडकलाय. जॅक लावून चाक उचला, खाली घोडी (जॅक स्टँड) ठेवा (नुसत्या जॅकवर कधीही काम करू नका) आणि चाक हाताने फिरवा. फिरत नसेल तर त्या चाकाचा ब्लीडिंग निपल (ऑइलमधली हवा काढायचं छोटं तोंड) नळी लावून थोडा सोडा. निपल सोडताच ऑइल जोरात आलं आणि चाक मोकळं झालं, तर अडथळा वरच्या बाजूला आहे: बहुतेक आतून फुगलेला ब्रेकचा रबरी होज, जो ऑइल पुढे जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. निपल सोडूनही चाक अडलेलंच राहिलं तर पिस्टन किंवा स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन) जाम. स्लाइड पिनला कॅलिपरसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात.

चारही चाकं जड झाली असतील तर ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडा. झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालंय का? मग कुणीतरी त्यात इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं असावं. पेल्यात पाणी घेऊन डब्यातले काही थेंब टाका. डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल (ब्रेक ऑइलचे नेहमीचे प्रकार) पाण्यात मिसळून जातं, खनिज तेल वर तरंगतं. तरंगलं तर वाईट बातमी: मास्टर सिलिंडर, होज, कॅलिपर, व्हील सिलिंडर यांतलं सगळं रबर बदलून धातूच्या नळ्या धुवाव्या लागतात. इथे काटकसर करू नका, फुगलेलं रबर पूर्ववत होत नाही.

सगळी चाकं मोकळी फिरतात, बूस्टर ठीक, आणि तरी दाबून दाबून गाडी थांबत नाही, अशा वेळी मात्र पॅडकडे वळायचं. तापून काचेसारखे चकचकीत झालेले पॅड, ३ मिलिमीटरच्या खाली आलेलं मटेरियल, ऑइलने भिजलेली लायनिंग ही नेहमीची कारणं. लांब घाट उतरल्यावर फरक असा ओळखा: पेडल घट्ट पण गाडी थांबत नाही तर पॅड तापलेत, पेडल स्पंजासारखं लागलं तर ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. नव्या डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलावं. पॅड जोडीनेच बदला, एकाच चाकाचे नकोत. ब्रेकची धूळ फुंकर मारून उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

काम झाल्यावर

पॅड बदलले असतील तर गाडी हलवण्याआधी पेडल वर येईपर्यंत दाबा. पहिले काही दाब रिकामे जातात आणि ते रस्त्यावर समजणं जिवावर बेतेल. ऑइलची नळी उघडली असेल तर हवा काढून घ्या. एबीएस असलेल्या काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनर लागतो. सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

पहिल्या तिन्ही तपासण्या पुन्हा करा. मग रिकाम्या मैदानात किंवा मोकळ्या गल्लीत १०-१५ च्या वेगाने, नंतर ३० ने ब्रेक लावून बघा. नवे पॅड असतील तर मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत, मध्यम दाबाने, मध्ये थोडी गाडी चालवून गार होऊ देत, पंधरा-वीस वेळा वेग उतरवा. या काळात गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरू नका. आठवडाभराने बॉनेट उघडून पाइपाच्या क्लिप हलवून पाहा आणि ऑइलची पातळी बसवल्या दिवशीच्या खुणेवरच आहे ना, ते तपासा.